दुहेरी तुटक रेघ

शेतरस्त्याचं एक भांडण झालं नसतं तर मी या कामात पडलो नसतो. अहमदपूर तालुक्यातल्या एका गावी जिल्हा परिषदेच्या शाळेवर मी शिक्षक होतो. भावकीतला वाद तहसीलला गेला होता. एक घर म्हणत होतं, बांधाकडेनं पूर्वापार गाडीवाट आहे. दुसरं घर म्हणत होतं, कधीच नव्हती. माझे वडील निजामाच्या काळात उर्दू माध्यमात शिकलेले. त्यांच्यामुळं मला उर्दू लिपी वाचता येते, म्हणून जुने कागद वाचायला गावानं मला बसवलं. कागदांतून फारसं निघालं नाही. गावनकाशाच्या नकलेवर मात्र त्या बांधाला लागून एक दुहेरी तुटक रेघ स्पष्ट दिसत होती.

एका निवृत्त भूकरमापकानं मला ती रेघ वाचायला शिकवली. एकेरी तुटक रेघ म्हणजे पायवाट, सव्वाआठ फूट रुंद. दुहेरी तुटक म्हणजे गाडीमार्ग, साडेसोळा ते एकवीस फूट. हे अपूर्णांक कुठून आले, असं मी विचारलं. ते म्हणाले, "मोजणीची साखळी तेहतीस फुटांची, गुरुजी, आणि तिचे सोळा आणे. आठ आणे म्हणजे गाडी, चार आणे म्हणजे माणूस." रस्त्याची रुंदी आण्यात मोजणारी माणसं या मातीत होऊन गेली, हे मला त्या दिवशी कळलं.

ती रेघ गावच्या शिवेवर संपत नव्हती, फक्त कागद तिथं संपला होता. म्हणून मी शेजारच्या तीन गावांच्या नकला मिळवल्या. एका कार्यालयात त्यासाठी सात खेपा झाल्या. दुपारच्या सुट्टीत चारही कागद शाळेच्या फरशीवर कडेला कडा लावून अंथरले. मुलं गुडघ्यांवर रांगत रेघा जुळवत होती. सातवीतल्या एका मुलीनं बोट ठेवलं आणि ते न उचलता चार गावं ओलांडून गेली. रेघ जुळली होती. एका अंगानं ती लातूरकडं उतरत होती, दुसऱ्या अंगानं कंधारकडं जात होती.

त्यानंतरचे सगळे उन्हाळे मी या रेघेवर चालण्यात घालवले. आधी शाळेच्या सुट्ट्यांत, निवृत्तीनंतर सवड मिळेल तसा. लातूर आणि नांदेड या दोन जिल्ह्यांतले कंधार, लोहा, मुखेड, अहमदपूर, उदगीर, औसा एवढेच तालुके माझ्या वाट्याला आले. एका माणसाला तेही पुष्कळ आहे.

पहिल्यांदा बरोबर आले ते ऐंशीच्या पुढचे एक आबा, तरुणपणी भाड्यानं गाडी हाकलेले. मी नकाशा धरून बांधाबांधानं फिरत होतो, तर ते खोपीतून ओरडले, "गुरुजी, काय हुडकायलाव?" सांगितल्यावर उठले, काठी घेतली आणि मला नकाशा गुंडाळायला लावला. एका ओढ्याच्या उतारावर काळ्या पाषाणाची उघडी छाती आहे, तिथं नेऊन उभं केलं. दगडात दोन खोल चर होते. "ही बघा चाकोरी."

चाकोरी हा शब्द आपण रोज वापरतो, चाकोरीबाहेर जा म्हणून मुलांना सांगतो. ती दगडात कोरलेली असते हे मी तोवर पाहिलं नव्हतं. लाकडी चाकावर तापवून बसवलेली लोखंडी धाव पिढ्यान्‌पिढ्या घासत गेली की पाषाणही झिजतो. आबांनी हातानं अंतर मोजून दाखवलं. मग त्यांनी एक गोष्ट दाखवली, जी मला कधीच दिसली नसती. खोल चरांच्या बाजूला थोडी उथळ अशी दुसरी जोडी होती. "खोल हाय ती भरल्या गाडीची. लातूरला माल घेऊन उतरायची. ही वरची रिकामी येतानाची." उताराला गाडी मागून रेटते, जू बैलाच्या मानेवर चढतं, म्हणून मागं ओंडका बांधून ओढत न्यायचे. त्या ओंडक्यानं घासलेला रुंद, गुळगुळीत पट्टा दोन चाकोऱ्यांच्या मधोमध होता. एवढ्या चार हात दगडावर माल कुठून कुठं जात होता, भाव कोणत्या दिशेला होता आणि माणसं बैलाला किती जपत होती, हे सगळं लिहिलेलं होतं.

आबांकडून आणि त्यांच्यासारख्या पुढं भेटलेल्या तीसेक गाडीवानांकडून मी वाटेचं वेळापत्रक लिहून घेतलं. उन्हाळ्यात गाड्या रात्री चालायच्या. दहा-बारा गाड्यांची रांग, पुढच्या गाडीला जाणता बैल, आखाला खाली टांगलेला कंदील, त्याच्या उजेडात चालणारं कुत्रं. मागचे गाडीवान झोपायचे, कारण मागचे बैल पुढच्या गाडीच्या कडब्याचा वास धरून चालतात. तुंब्यात वंगण घालायच्या जागा ठरलेल्या होत्या. तिथं थांबलं नाही तर आख कुरकुरायला लागतो आणि त्या आवाजानं बैल बिचकतात. गाडी सोडायच्या जागांना नावं होती: चिंचेचा थांबा, दोन वडांची वस्ती, बुडकीचा माळ. यांतलं एकही नाव नकाशावर नाही. ज्या माणसांच्या तोंडी ती होती त्यांतली निम्मी आज नाहीत.

एक गैरसमज माझाही होता. रेल्वे आली आणि बैलगाड्या संपल्या, असं मी वर्गात शिकवत आलो होतो. इथं तसं घडलं नाही. १९०० च्या सुमारास मनमाड-सिकंदराबाद मार्ग नांदेडवरून गेला. १९११ मध्ये बार्शी लाइट रेल्वेचे अडीच फुटी रूळ लातूरला पोचले. लातूरच्या आडतीला भरभराट आली आणि पन्नास-पन्नास मैलांवरून तूर, ज्वारी, करडई, कापूस गाड्यांनी स्टेशनाकडं वाहू लागला. गाडीवाट रेल्वेनं मारली नाही, उलट तिला काम दिलं. पाषाणातली ती खोल चाकोरी बहुधा याच काळात आणखी खोल गेली असावी. गाडीवाट मेली ती नंतर, ट्रक आणि ट्रॅक्टरच्या काळात. रेल्वेनं आणि पक्क्या सडकांनी जे मोडलं ते गाडीच्याही आधीचं होतं: बंजाऱ्यांची लदेणी, म्हणजे बैलांच्या पाठीवर माल लादून नेणं.

ती गोष्ट मला मुखेड तालुक्यातल्या एका तांड्यावर कळली. दोन वर्षं मी वाटेवरची प्रत्येक जुनी बारव वहीत बंजाऱ्यांच्या नावानं नोंदवत होतो. गावोगावी लोक तसं सांगायचे आणि मला ते पटायचं. तांड्यावरच्या एका याडीला, गोरबोलीत आईला याडी म्हणतात, मी ती यादी मोठ्या आनंदानं वाचून दाखवली. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, "हजार बैल पायऱ्या उतरून पाणी पितील का, मास्तर?"

मी गप्प झालो. बारव माणसासाठी आणि मोटेसाठी असते. हजारांनी चालणाऱ्या बैलांना पसरट पाणी लागतं, म्हणजे तळं, नदीचा डोह, ओढ्याचं पात्र. शिवाय लदेणीचा बैल चरत चरत चालतो, म्हणून वाट माळानं आणि गायरानानं काढायची, पिकातून कधीच नाही. पावसाळ्यात मुक्काम, पाऊस सरल्यावर चाल. याडींनी हे त्यांच्या आज्याकडून ऐकलेलं. त्या एका प्रश्नानं माझी दोन वर्षांची वही पुन्हा लिहावी लागली, आणि एकीऐवजी दोन वाटा दिसायला लागल्या. गाडीवाट गावातून गावाकडं जाते, तिला पेठ आणि बारव लागते. लदेणीची वाट गावाला वळसा घालून पाण्यापासून पाण्यापर्यंत जाते. कंधारचा राष्ट्रकूटकालीन जगत्तुंगसागर तलाव बघताना आता मला राजा आठवत नाही, काठावर उतरलेले बैल दिसतात.

बंजाऱ्यांनी किती माल वाहिला याला परक्यांची साक्ष आहे. १६३२ मध्ये पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाला उत्तर हिंदुस्थानात १४,००० बैलांचा तांडा धान्य घेऊन जाताना भेटला. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए दहा-बारा हजार बैलांचे काफिले वर्णन करतो. अरुंद जागी असा तांडा समोर आला तर तो पूर्ण निघून जाईपर्यंत दोन-दोन, तीन-तीन दिवस थांबावं लागे, असं तो लिहितो. धान्य, तांदूळ, डाळी आणि मीठ वाहणारे त्यांचे वेगवेगळे गट त्यानं नोंदवलेत. हाच ताव्हेर्निए सुरतेहून गोवळकोंड्याला गेला, ती वाट नांदेडवरून जाते. शहाजहानचा वजीर आसफखान दख्खनेत उतरला तेव्हा भंगी आणि जंगी या दोन नायकांचे बैल त्याच्या फौजेला रसद पुरवत होते. कुठंही पाणी आणि छपराचं गवत घ्यायची मुभा देणारा ताम्रपट त्यांना मिळाला, ही आठवण तांड्यांवर अजून सांगतात आणि सय्यद सिराज उल हसन यांच्या १९२० च्या ग्रंथातही ती आली आहे. १७६० च्या फेब्रुवारीत उदगीरला मराठ्यांनी निजामाला हरवलं, ते आपण शाळेत शिकतो. एवढ्या फौजा रोज काय खात होत्या, हे कोणतंही पाठ्यपुस्तक विचारत नाही.

नांदेडकरांसाठी आणखी एक धागा आहे. १६७५ मध्ये दिल्लीत गुरू तेगबहादूर यांचा शिरच्छेद झाला. त्यांचं धड आपल्या गाड्यांच्या काफिल्यातून लपवून नेणारा आणि स्वतःच्या घराला आग लावून त्यांचे अंत्यसंस्कार करणारा लखीशाह बंजारा होता. त्या जागी आज रकाबगंज गुरुद्वारा आहे. गुरू तेगबहादूरांचे पुत्र गुरू गोविंदसिंग १७०८ मध्ये नांदेडला गोदावरीकाठी निवर्तले. हुजूर साहिबला येणाऱ्या लाखो भाविकांना ही गोष्ट माहीत असते. जवळच्याच तांड्यावरच्या शाळकरी मुलाला ती कुणी सांगितलेली नसते. मी जिथं जिथं सांगितली तिथं मुलांच्या पाठी ताठ झालेल्या पाहिल्या.

कारण त्यांच्या घरात जो इतिहास उरला तो वेगळा आहे. लदेणी बुडाली, मीठ आणि धान्य आगगाडीनं जाऊ लागलं आणि वाटेवरची माणसं रिकामी झाली. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला. फिरणारा माणूस म्हणजे संशयित, ही नजर त्यानंतर राज्यकर्त्यांच्या कागदांत मुरली. स्वतंत्र भारतात ३१ ऑगस्ट १९५२ ला तो शिक्का पुसला, म्हणून तो दिवस विमुक्त दिन. ज्या समाजानं वाटा पाडल्या त्याचं नाव वाटेच्या इतिहासात नाही, पोलिसांच्या नोंदवहीत मात्र आहे. वाट जतन करायची म्हणजे ही नोंद दुरुस्त करायची, असं मी मानतो. नुसत्या चाकोरीच्या दगडाला कुंपण घालून ते होणार नाही.

या प्रदेशाचं वाट वाहणं फार जुनं आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशी ग्रंथात पैठण आणि तगर ही दोन मोठी पेठांची शहरं येतात. भडोचपासून पैठण वीस दिवसांवर, पैठणपासून पूर्वेला तगर दहा दिवसांवर, आणि माल मोठ्या बिनरस्त्याच्या मुलखातून गाड्यांनी येतो, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. तगर म्हणजे लातूरच्या पश्चिमेचं तेर, हे इतिहास-अभ्यासक फ्लीटनं १९०१ मध्ये मांडलं. तेरचं वस्तुसंग्रहालय मी मुलांना घेऊन तीनदा पाहिलं. रोमन वळणाच्या वस्तू बघून मुलं थक्क होतात. मी त्यांना बाहेर आणून एवढंच सांगतो, या सगळ्या बैलाच्या मानेवरून आल्या.

वाट कशी हरवते याचं सर्वांत कठीण रूप मी किल्लारीच्या परिसरात पाहिलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपानंतर औसा-उमरगा पट्ट्यातली ५२ गावं जागा सोडून नव्या ठिकाणी वसली. माणसं हलली, वाटा हलल्या नाहीत. जुन्या गाडीवाटेनं चालत गेलो की ती गवतात बुडालेल्या ढिगाऱ्यापाशी येऊन थांबते. नव्या गावात चौकोनी आळ्या आहेत, डांबरी सडक आहे. पण शेत जुन्या गावाभोवतीच आहे, म्हणून लोकांना रोज जुन्या वाटेनं उलटं चालावं लागतं. एका गृहस्थानं मला वेस कुठं होती ते दाखवलं, मग पुढं काही दाखवायचं थांबवलं. मीही वही मिटली. तिथं मी अजून पूर्ण नोंद केलेली नाही.

जगात हे काम इतरांनीही केलं आहे. अमेरिकेत एझ्रा मीकर नावाचा माणूस १८५२ मध्ये बैलगाडीनं पश्चिमेला ऑरेगॉनकडं गेला होता. म्हातारपणी त्यानं पाहिलं की वाट नांगराखाली चालली आहे. १९०६ मध्ये, पंचाहत्तरीत, त्यानं बैलजोडी जुंपली आणि उलट्या दिशेनं पूर्वेकडं निघाला. गावोगावी लोकांना दगड उभे करायला लावत तो थेट राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टांना भेटला. १९७८ मध्ये ती वाट राष्ट्रीय ऐतिहासिक मार्ग ठरली. त्या गाड्यांखाली तिथल्या मूळ रहिवाशांची जमीन गेली, हेही त्या इतिहासात आता सांगावं लागतं, आणि ते योग्यच आहे. मला मीकरची एकच गोष्ट घ्यावीशी वाटते: वाटेवर चाललेला माणूस जिवंत आहे तोवरच वाट ओळखता येते.

त्याच १९०६ साली मुंबई इलाख्यात मामलेदार न्यायालय अधिनियम झाला. अडवलेला रस्ता मोकळा करायला शेतकरी आजही आपल्याकडं त्याच्या पाचव्या कलमाखाली तहसीलदाराकडं जातो. जुनी वाट जिवंत ठेवणारा आपला खरा कायदा हाच आहे, पुरातत्त्वाचा नव्हे. मातोश्री पाणंद योजनेतून अनेक गावांचे रस्ते मोकळे झाले, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. शेतकऱ्याची सोय झाली, मला आनंदच आहे. पण जेसीबीच्या एका फेरीत चाकोरीचा पाषाण फुटून मुरमात जातो, थांब्याची चिंच मुळासकट निघते. आबांनी दाखवलेला ओढ्याचा उतार आता नाही. माझ्याकडं त्याचे अकरा फोटो आणि पाषाणावर कागद ठेवून कोळशानं घासून घेतलेला एक ठसा आहे. काम सुरू होण्याआधी कुणी एक दिवस मागितला असता तर गावानं दिला असता. तो मी मागायला हवा होता.

आता मी आणि माझे काही जुने विद्यार्थी मोबाइलवर चालत्या वाटेची खूण उमटवतो, थांब्यांची नावं लिहितो, गाडीवानांचं बोलणं ध्वनिमुद्रित करतो. दर मार्गशीर्षात माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेला जातो. लाल कंधारी आणि देवणी जनावरांच्या दावणीत दोन दिवस बसलं की चार तालुक्यांचे म्हातारे एका जागी भेटतात. देवणीत वानेरा कुठला, शेवरा कुठला, बालंक्या कुठला हे सांगता सांगता ते कोणत्या वाटेला कोणता बैल टिकायचा तेही सांगून जातात. माळावरून अवजड ओझं घेऊन जायला लाल कंधारीच, यावर दोन्ही जिल्ह्यांचं एकमत आहे.

यात्रेच्या शेजारूनच नांदेड-लातूर महामार्ग जातो. दसरा-दिवाळीनंतर त्यावर बैलगाड्या दिसतात, रबरी टायरच्या, वर संसार बांधलेल्या, मागं शेळी, साटीत लेकरं. कंधार-मुखेड-जळकोटच्या तांड्यांवरून मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला निघालेली ही माणसं पुष्कळदा लदेणीवाल्यांचीच पणतवंडं असतात. सहा महिन्यांनी ती परत येतात. ती कुठून गेली, कुठं उतरली, कोणत्या गावानं पाणी दिलं, कोणत्या गावानं हाकललं, हेही आम्ही या वर्षापासून लिहायला घेतलं आहे.

वाचणाऱ्यानं एक करावं. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून आपल्या गावनकाशाची नक्कल काढावी, दुहेरी तुटक रेघ शोधावी आणि गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या गाडीवानाला बरोबर घेऊन तिच्यावर एकदा चालावं. पेरणी सुरू होण्याआधी, कारण तेव्हा बांध मोकळे असतात.